एकाच बाराची बंदूक

शिकारीची रायफल कमी पैशांत घ्यायची असेल आणि घेणारा नवशिका असेल, तर त्याने एकबारी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकबारी म्हणजे जिच्यात एका वेळी एकच काडतूस बसते ती. बार काढला की नळी खाली मोडायची, रिकामे टरफल काढायचे, दुसरे काडतूस हाताने घालायचे आणि नळी परत मिटायची. आत पेटी नाही, खटका ओढून दुसरी गोळी वर आणायची सोय नाही. एक गोळी, एक नेम.

नाटक, भजन आणि कुळागरे सोडून मी बंदुकीवर कधीपासून बोलू लागलो, असे काही मंडळींना वाटेल. कारण घरातलेच आहे. माझा भाचा गेली बारा-तेरा वर्षे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो. तिथले त्याचे शेजारी, कारखान्यातले सोबती, मुलाच्या शाळेतल्या पालकांपैकी निम्मे, सगळे हिवाळ्याच्या तोंडावर हरणाच्या शिकारीला जातात. यंदा त्यानेही शिकाऊ शिकाऱ्यांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि मला फोन करून म्हणाला, "मामा, बंदूक घ्यायची आहे, पण फार पैसे घालायचे नाहीत. तू सांग, कसली घेऊ?" आजोळच्या घरी सत्तरीत ठासणीची बंदूक होती, म्हणून मामाला बंदुकीतले कळते असा त्याचा समज. थोडेफार कळते हे खरे. त्याच्याकडे दोन हिवाळे काढले तेव्हा तिथल्या दुकानांतून आणि रानांतून पाहिले, ऐकले, हाताळले, आणि तेव्हापासून याविषयी वाचतही आलो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात हौसेची शिकार बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यावरची १९९१ ची दुरुस्ती यांनी ते दार लावले, आणि ते लागलेलेच राहावे या मताचा मी आहे. पेनसिल्व्हेनियाची गोष्ट निराळी. तिथले लांडगे आणि डोंगरी सिंह माणसांनी केव्हाच संपवले. हरणांवर अंकुश ठेवणारे जनावर उरले नाही. हरणे वाढली की पिके खातात, रानातली कोवळी रोपे उगवू देत नाहीत, रात्री गाड्यांवर आदळतात. म्हणून सरकार परवाने मोजून देते आणि प्रत्येक जनावरामागे चिठ्ठी लावावी लागते. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे रायफली आणि काडतुसे यांवर ११ टक्के कर बसतो, तो पैसा वन्यजीवांच्या रक्षणाकडे जातो. हे पटो न पटो, ती एक बसवलेली व्यवस्था आहे आणि भाचा तिच्यात राहतो.

आता एकबारीच का? पहिले कारण सुरक्षिततेचे. मोडून उघडी ठेवलेली एकबारी लांबूनही ओळखता येते. नळीतून आरपार उजेड दिसतो. कुंपण ओलांडताना, ओढा उतरताना, झाडावरच्या मचाणावर चढताना ती उघडून काडतूस खिशात टाकले की झाले. शेजारच्या माणसाला विचारावे लागत नाही की बाबा, तुझी बंदूक भरलेली आहे का? पेटीच्या बंदुकीत एक गोळी आत राहून गेली आणि घात झाला, अशा कथा जगभर ऐकू येतात. रानात हरवलेल्या गोळ्यांपेक्षा विसरलेल्या गोळ्या वाईट.

दुसरे कारण मनाचे. पाच गोळ्या जवळ असल्या की पहिली थोडी उधळी जाते. एकच असली की माणूस थांबतो. जनावर आडवे उभे आहे का, मागे काय आहे, अंतर आवाक्यातले आहे का, हे तो बघतो. फांदीआड अर्धे दिसणाऱ्या जनावरावर चाप ओढत नाही. नवशिक्याला ही सवय कुणी गुरू लावणार नसेल तर बंदुकीनेच लावलेली बरी. जिम कॉर्बेटची पहिली बंदूक जुनी ठासणीची दुनळी होती, तिच्या एका नळीला तडा गेलेला, म्हणजे हाती उरली एकच. त्या पोरवयात काडतुसांची चैन नसलेल्या मुलाने रानात वावरायला शिकून घेतले ते आयुष्यभर पुरले.

पण या गोष्टीचे फार गोडवेही गाऊ नयेत. अमेरिकेच्या गवताळ मैदानांतले कोट्यवधी गवे, ज्यांना ते बायसन म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मारले गेले आणि १८८० चे दशक सरताना रानात काही शेकड्यांवर आले. ते मारणाऱ्या कातडीच्या व्यापाऱ्यांच्या हातात मुख्यतः शार्प्स आणि रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक याच बंदुका होत्या, आणि त्या दोन्ही एकबारी. ब्रिटिशांनी १८७१ साली सैन्यात घेतलेली मार्टिनी-हेन्रीही एकबारीच होती, आणि तिने हरणे मारली त्याहून माणसेच अधिक मारली. एकबारी कुणाला साधू बनवत नाही. शिकायची इच्छा असलेल्याला ती मदत करते, एवढेच.

आता कुठली, ते पाहू. अमेरिकेत गरिबाची एकबारी म्हटले की एकच नाव निघायचे, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात १८७१ साली सुरू झालेली ही कंपनी १९८६ साली बंद पडली. पुढच्याच वर्षी तोच वारसा घेऊन जवळच्या गार्डनर गावात न्यू इंग्लंड फायरआर्म्स उभी राहिली. तिची 'हँडी-रायफल' शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या, पहिल्यांदा रानात जाणाऱ्या पोरांच्या हातात असे. दोन-अडीचशे डॉलरांच्या घरात नवी मिळायची. लाकूड साधे, रूप ओबडधोबड, पण नळी सरळ आणि कुलूप पक्के. २००० साली मार्लिनने ती कंपनी घेतली, मार्लिनला पुढे रेमिंग्टनने घेतले, आणि २०१५ साली या एकबाऱ्यांचे उत्पादन थांबले. रेमिंग्टनचे स्वतःचेच २०२० साली दिवाळे निघाले, तेव्हा हॅरिंग्टनचे नाव दुसऱ्याने विकत घेतले. त्या नावाने आज वेगळ्याच धाटणीच्या बंदुका निघतात. माशाची खाणावळ बंद होऊन त्याच पाटीखाली पिझ्झा मिळू लागावा, तसा प्रकार.

तेव्हा हँडी-रायफल घ्यायची तर ती जुनीच. नवी हवी असेल तर हेन्री कंपनीने २०१७ पासून बाजारात आणलेली एकबारी आहे. अक्रोडाचा दस्ता, बसवणूक नेटकी, पण किंमत हँडी-रायफलच्या दुपटीहून पुढे. सीव्हीए कंपनीची स्काउट नावाची एकबारी आहे, तिच्या नळ्या स्पेनच्या बेर्गारा कारखान्याच्या आणि नेमाला चांगल्या म्हणून नावाजलेल्या. ब्राझीलच्या रोसीच्याही आहेत. रुगरची 'नंबर वन' ही १९६७ सालची देखणी बंदूक स्कॉटलंडच्या जॉन फार्कारसनने १८७२ साली पेटंट घेतलेल्या रचनेवरून सुचलेली. पण ती हौशी धनिकांची. स्वस्ताईच्या गप्पांत तिचे काम नाही.

भाच्याला मी जुनी हँडी-रायफल बघायला सांगितले, आणि बघताना काय बघायचे तेही. पुढचे लाकूड काढून नळी आणि मागचा ठोकळा हातात धरून हलवावे. खडखड वाजली तर खाली ठेवून द्यावी. नळी मिटल्यावर उजेडासमोर धरावी, सांध्यात फट दिसता कामा नये. कुलपाची कळ पूर्ण बसते का, घोडा पूर्ण मागे ओढल्यावर अंगठ्याने ढकलून पुढे सुटतो का, ते पाहावे. नळीत मागून डोकावून आतले पिळाचे आटे धारदार आहेत का आणि गंजाचे खड्डे आहेत का, ते बघावे. एकाच बंदुकीला वेगवेगळ्या नळ्या बसतात म्हणून लोक हौसेने सुटी नळी विकत घेतात. हे जोडकाम पूर्वी कारखान्यात करून मिळायचे. दुसऱ्या बंदुकीची नळी आपल्या ठोकळ्यात बसली म्हणजे ती नीट मिटलीच असे नसते, आणि आता ती जुळवून देणारा कारखाना उरलेला नाही. जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय अशी नळी वापरू नये.

मग काडतूस कुठले? या बाबतीत माणसे अहंकाराने फसतात. एकबारी वजनाला हलकी असते, साधारण तीन-सव्वातीन किलो, आणि हलकी बंदूक खांद्याला जास्त मारते. .३०८ विंचेस्टरचा धक्का हलक्या एकबारीत चांगलाच जाणवतो. दोन-चार बार काढल्यावर नवशिका चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो आणि तिथेच नेम संपतो. १९५५ सालचे .२४३ विंचेस्टर हे काडतूस सौम्य आहे आणि हरणाला पुरेसे आहे. दुसरा चांगला पर्याय १८९५ पासून चालत आलेल्या .३०-३० चा. त्याची एक गंमत आहे. हे काडतूस बहुतेक करून नळीखालच्या लांब पेटीच्या बंदुकांत वापरतात. तिथे गोळ्या एकामागोमाग एक उभ्या राहतात, म्हणून टोकदार गोळी घालता येत नाही, तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या केपावर टेकले तर अनर्थ. एकबारीत पेटीच नाही, त्यामुळे तेच काडतूस टोकदार गोळी घेऊन अधिक लांब आणि सरळ जाते. शिवाय .३०-३० च्या बुडाला कड असते, आणि मोडत्या बंदुकीतून कडेचे टरफल सहज निघते.

काही राज्यांत कायदाच काडतूस ठरवतो. ओहायोमध्ये हरणासाठी सरळ भिंतीचीच काडतुसे चालतात, तिथे १८७३ सालच्या .४५-७० पासून २०१९ सालच्या .३५० लिजंडपर्यंतची निवड आहे. मिसिसिपी आणि लुइझियाना या राज्यांत जुन्या पद्धतीच्या शस्त्रांचा वेगळा हंगाम असतो. त्यात बाहेर घोडा असलेली, .३५ किंवा त्याहून मोठ्या तोंडाची एकबारी चालते. म्हणून दक्षिणेत या बंदुकांना आजही मागणी आहे. बंदुकीआधी राज्याचे नियमपुस्तक वाचावे, हा माझा पहिला सल्ला होता. पेनसिल्व्हेनियात छाती, पाठ आणि डोके मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड दिसले पाहिजे असा दंडक आहे. हरणाला तो रंग नीट कळत नाही, माणसाला कळतो.

आणखी एक सांगायला हवे, कारण आपली पुष्कळ मुले तिकडे आहेत. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत सामान्यतः बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा चालू परवाना असेल तर सूट आहे, पण ते कागद नीट समजून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. माझ्या भाच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्याचा प्रश्न नव्हता.

बंदुकीत वाचलेले पैसे कुठे घालायचे? दुर्बीण आणि काडतुसे. दुर्बीण साधी, एकाच ताकदीची चालेल. पण ती घोड्यावर आली की अंगठा पोहोचत नाही, म्हणून घोड्याला बाजूने जोडायचा छोटा दांडा मिळतो, तो घ्यावाच. थंडीत बोटे बधिर झालेली असताना घोडा अलगद उतरवायला जाऊन अंगठा सटकण्याची भीती असते, तेवढ्यासाठी नळी नेहमी मोकळ्या जमिनीकडे हवी. उरलेले सगळे पैसे सरावात. हंगामाआधी निदान पन्नास-साठ बार चांदमारीवर काढावेत, बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून. शिशाऐवजी तांब्याची गोळी घ्यावी असेही मी सुचवले. शिशाचे बारीक कण मांसात पसरतात, आणि टाकलेली आतडी खाणाऱ्या गिधाड-गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंदच केली. तांब्याची महाग पडते, पण हंगामात दोनच गोळ्या उडवणाऱ्याला तो खर्च कितीसा?

आता विरुद्ध बाजू. भाच्याचा तिकडचा एक सोबती म्हणाला, सॅव्हेज ॲक्सिस किंवा रुगर अमेरिकनसारखी साधी खटक्याची रायफल आज नव्या एकबारीइतक्याच किमतीला, कधी त्याहून स्वस्तात मिळते, तर मग तीन-चार गोळ्या सोडून एकीवर का यायचे? किमतीपुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. एकबारी स्वस्त म्हणून घ्यावी हे आता फक्त जुन्या बाजारातच खरे. तो असेही म्हणाला की खटक्याच्या बंदुकीतही एकच गोळी भरता येते. येते की! पण भरत कोण? पेटी समोर असली की माणूस ती भरतो.

त्याचा दुसरा मुद्दा अधिक वजनाचा. पहिली गोळी चुकीची लागली आणि जनावर जखमी झाले तर? दुसरी लगेच मारता आली पाहिजे, नाहीतर ते तडफडत रानात जाईल. याचे उत्तर सरावात आहे. दस्त्यावर कापडी पट्ट्यात दोन काडतुसे खोचून ठेवली तर सराव असलेला माणूस काही सेकंदांत पुन्हा भरतो. पण मुळात जनावर जखमी होऊन पळते ते बहुधा पहिली गोळी घाईने सुटल्यामुळे, आणि पळत्या जनावरावर मारलेली दुसरी आणि तिसरी गोळी क्वचितच ते निस्तरते. ज्याला वीस हंगामांचा अनुभव आहे त्याने खुशाल खटक्याची घ्यावी. वर्षातून दोन-तीन दिवस रानात जाणाऱ्याला मी एकबारीच सुचवीन.

हे सगळे फोनवर बोलत असताना माझ्या डोक्यात मात्र आपलीच रानडुकरे होती. कारण गोव्याच्या शेतकऱ्याच्या हातात जी बंदूक आहे तीही एका बाराचीच आहे. फरक असा की त्याने ती निवडलेली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात शेतीराखणीसाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. गुळगुळीत नळी म्हणजे आत पिळाचे आटे नाहीत, गोळीला फिरकी नाही, पन्नास-साठ पावलांपलीकडे नेमाचा भरवसा नाही. आवाज करून डुकरांना हुसकावणे एवढेच तिचे खरे काम, आणि कायद्याची अपेक्षाही तेवढीच.

तेवढ्याने भागते का? सत्तरीत, सांग्यात, काणकोणात कुणालाही विचारा. एका रात्रीत डुकरांचा कळप रताळी, सुरण, भात उखडून जातो. माकडे नारळ ठेवत नाहीत. गवा आला तर तो आपला राज्यप्राणी, त्याच्याकडे बघत उभे राहायचे. निवडणूक आली की आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुका एप्रिल-मेमध्ये झाल्या, म्हणजे नेमक्या काजूच्या हंगामात. ज्यांना सूट मिळाली नाही त्यांनी पत्र्याचे डबे बडवले.

मग हताश माणूस काय करतो? फासकी लावतो. तारेच्या फासकीला डुक्कर आणि बिबटा यांतला फरक कळत नाही. कुणी गावठी स्फोटकाचे गोळे ठेवतो. जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. तिथे तक्रार मेलेल्या गुरांची होती, पिकांची नव्हती, पण मुळाशी तीच गोष्ट. ज्याचे नुकसान होते त्याचे ऐकायला कुणी नाही आणि त्याच्या हातात जे साधन आहे ते नीट नाही. मग विष येते. चार वाघ गेले, त्याची भरपाई कोण आणि कशी करणार?

वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाला धोका देणारी काही जनावरे परवानगीने मारण्याची तरतूद आहे. केरळने २०२२ साली रानडुकरांपुरते हे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवले. गोव्यात तसे करावे की नाही यावर भांडण होईल, व्हायलाही हवे. माझी सूचना लहान आहे. परवानगी द्यायचीच नसेल तर भरपाई वेळेवर आणि पुरेशी द्या. द्यायची असेल तर ती सरसकट गावाच्या हातात ठासणीच्या बंदुका घेऊन देऊ नका. जखमी डुक्कर पोटात छर्रे घेऊन आठ दिवस मरत राहते, आणि रात्रीच्या अंधारात डुक्कर समजून सोबत्यावरच बार निघाल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. तालुक्यात मोजकी चार-पाच माणसे निवडा, त्यांना शिकवा, त्यांची परीक्षा घ्या, त्यांच्या अंगावर नारिंगी कापड घाला आणि त्यांच्या हातात आटे असलेली, नेमाची, एका बाराची रायफल द्या. मेलेल्या प्रत्येक जनावराची चिठ्ठी राहू दे. हौस म्हणून कुणी पारधीला जाणार नाही एवढी काळजी त्यात घेता येते. फासकी, स्फोटके आणि विष यांच्यापेक्षा ते जनावरालाही बरे आणि माणसालाही.

एक गोळी पुरे, ही शिस्त आहे. पण ज्याला ती एक गोळी नीट मारता येईल असे साधन आणि शिक्षण दिलेले आहे, त्याच्याकडूनच शिस्तीची अपेक्षा करता येते. पेनसिल्व्हेनियाने माझ्या भाच्याला बंदूक घेण्याआधी वर्गात बसवले. आपण सत्तरीच्या शेतकऱ्याला परवान्याचा कागद देतो आणि पुढचे त्याच्यावर सोडतो.